पूजेला उचललेली नळी

"तू इथंच बस. चपलांकडं बघ. माकडं नेतात."

सर हे अगदी मऊ आवाजात म्हणाले. प्रयोगशाळेच्या दाराबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीशी सगळ्यांनी चपला काढून ठेवल्या होत्या. सरांचे तपकिरी बूट. माझ्याबरोबर संशोधन करणाऱ्या केतकीच्या नव्या कोल्हापुरी. संशोधन केंद्राच्या संचालकांच्या बायकोच्या मोती लावलेल्या सँडल. खंडेनवमी होती आणि आत यंत्रांची पूजा होती. मी त्या प्रयोगशाळेतली, सरांच्या हाताखालची संशोधक विद्यार्थिनी. एम.एस्सी. झालेली, परीक्षा देऊन, मुलाखत देऊन निवडली गेलेली. आणि मला चपला राखायच्या होत्या.

मी विचारलं, "सर, मी आत येऊ नको का?"

"अगं, तुम्ही लोक पूजा मानत नाही ना? तुला कशाला अवघडल्यासारखं? तुझ्याच भावनांचा विचार करून सांगतोय."

माझ्या भावनांचा विचार झाला आणि मी चपलांपाशी बसले. आमच्या घरात पूजा नाही, हे खरं. आजोबांच्या पिढीनं छप्पन साली धर्म बदलला तेव्हाच देव्हारा गेला. पण मला पूजा करायची नव्हतीच. मला माझ्या कामाजवळ उभं राहायचं होतं. हे सरांना कळत नव्हतं असं नाही.

सोपानभाऊ, म्हणजे आमचे प्रयोगशाळेतले शिपाई, बाहेर आले आणि माझ्या हातात एक काठी देऊन गेले. माझ्या डोळ्याला डोळा न देता. समोर कठड्यावर एक मोठं माकड येऊन बसलं होतं. ते चपलांकडं बघत नव्हतं. माझ्याकडं बघत होतं. दरीतून धुकं वर येत होतं, लोणावळ्याला पाऊस सरला तरी हे धुकं सरत नाही, आणि जिन्यातला दिवा भर सकाळी लावावा लागत होता. आत घंटी वाजली. कापराचा वास आला. ज्या खोलीत कापूर पेटला होता त्याच खोलीत पेट घेणाऱ्या सॉल्व्हंटच्या बाटल्या होत्या. आणि कोपऱ्यात, वाळूच्या ट्रेमध्ये, माझी नळी होती.

ती नळी काय होती ते सांगते.

वीज म्हटली की माणसाला तांब्याची तार आठवते. पण कार्बनपासून बनलेले काही पदार्थही वीज वाहतात. त्यासाठी दोघं लागतात. एक इलेक्ट्रॉन देणारा, एक घेणारा. वेगवेगळे ठेवले तर दोघंही बिनकामाचे, प्लास्टिकच्या डब्यातून वीज जात नाही तशी त्यांच्यातूनही जात नाही. पण दोघं जवळ आले, एकानं दुसऱ्याला थोडा इलेक्ट्रॉन दिला, की दोन रंगीत भुकट्यांमधून काळ्या, चकचकीत सुया, म्हणजे क्रिस्टल, तयार होतात. त्या सुयांमधून वीज धातूसारखी धावते. गंमत अशी की देणाऱ्यानं सगळंच देऊन टाकलं तर वहन पुन्हा अडतं. थोडं द्यायचं, थोडं आपल्यापाशी ठेवायचं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी ते आईला सांगितलं. आई तांदूळ निवडत होती.

"मंजी उसनवारीच की," ती म्हणाली, आणि खडा काढून अंगणात टाकला.

व्हय, उसनवारीच. पण या सुया उगवायला फार जपावं लागतं. काचेच्या दोन उभ्या नळ्या, मधे त्यांना जोडणारी आडवी नळी. एकीत देणारा, दुसरीत घेणारा. मधे नुसता सॉल्व्हंट, म्हणजे दोघांना विरघळवणारा द्रव. दोघं हळूहळू एकमेकांकडं सरकतात आणि मधल्या नळीत भेटतात. तिथं सुई धरते. कित्येक आठवडे. या काळात नळीला धक्का लागला तर दोन्ही बाजू एकदम मिसळतात, सुया होत नाहीत, नुसता काळा गाळ खाली बसतो. त्या गाळाचा काही उपयोग नसतो. घाट चढून मालगाडी आली की आमची इमारत थरथरते, म्हणून मी नळी वाळूत बसवली होती. येताजाता लोकांना सांगायची, जरा हळू चाला. केतकी हसायची. म्हणायची, बाळंतीण झोपलीय की काय कोपऱ्यात.

मी वडिवळ्याची. कामशेतला उतरून आत जावं लागतं. धरणाजवळ गाव, भाताची खाचरं, आणि गावाच्या कडेला आमची वस्ती. या केंद्रात आले त्या दिवशी सरांनी गाव विचारलं. सांगितलं. "अरे वा, आपल्या मावळातलीच की!" मग आडनाव विचारलं. सांगितलं. सरांनी टेबलावरचं पेन उचललं, परत ठेवलं.

"छान छान. तुमच्यातली मुलं आता पुढं येताहेत. आनंद आहे."

तुमच्यातली. त्या एका शब्दानं माझी जागा ठरली. पुढं कुणी मला एकही वावगा शब्द बोललं नाही. माझा कप वेगळा नव्हता. फक्त माझा कप कुणी चुकून उचलला की तो पुन्हा धुतला जायचा. माझ्या डब्यातलं कुणी खात नसे, सगळ्यांचाच त्या दिवशी उपास असायचा. वर्षाचे सगळे वार उपासाचे. सोपानभाऊ आमच्याच गावचे, वरच्या आळीतले, त्यांच्या खाचरात माझी आई लावणीला आणि कापणीला जायची. ते मला लोकांसमोर मॅडम म्हणायचे आणि कुणी नसलं की पोरी. पाणी मात्र माझ्या बाटलीतलं कधी प्यायले नाहीत. तरी त्या इमारतीत त्यातल्या त्यात माणसासारखं बोलणारे तेवढेच.

कामाचीही वाटणी झाली. देणारा पदार्थ बनवायचा माझ्याकडं. त्यात सिलेनियम लागतं. त्याच्या संयुगांचा वास ज्यानं घेतलाय त्यालाच कळेल. सडलेला मुळा, सडलेला लसूण आणि त्यावर तुंबलेलं गटार. काचेच्या पेटीत पंखा लावून काम केलं तरी तो वास केसांत बसतो, नखांत बसतो, ओढणीत बसतो. केतकीनं ते एकदा केलं आणि तिला उलटी झाली. तेव्हा सर मला म्हणाले, "हे तूच करत जा. तुला चालतं."

तुला चालतं. मला का चालतं? माझं नाक काय लाकडाचं आहे? पण मी हे विचारलं नाही. मी सगळी घाण ओढली. संध्याकाळच्या गाडीत बायका माझ्याजवळून उठून दुसरीकडं बसायच्या. त्यांचा मला राग नाही यायचा. त्या वासापासून सरकत होत्या आणि वास खरा होता. प्रयोगशाळेत मात्र आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून गेले तरी लोक सरकत.

आणि मोजमाप? सुईला केसाहून बारीक सोन्याच्या चार तारा लावायच्या, कार्बनच्या लुगदीनं चिकटवायच्या, मग ती थंड करत करत न्यायची आणि तिच्यातली वीज बघत राहायची. एका टप्प्यापर्यंत जितकी थंड तितकी वीज मोकळी. आणि मग अचानक, काही कळायच्या आत, सुईतल्या रेणूंच्या रांगा विस्कटतात आणि वीज मरते. तो क्षण बघायला जग धडपडतं. ते काम गार, स्वच्छ खोलीत. ते केतकीचं. घाणीतून पदार्थ मी काढायचा, तिनं तो मोजायचा आणि शोधनिबंधावर तिचं नाव आधी. एकदा माझं नाव नुसतं आभारात होतं. रांधणारी मी आणि पहिल्या पंगतीला ते.

या वेळी मी बोलले. नवा देणारा पदार्थ होता, पूर्ण माझ्या हातचा. मी म्हटलं, "सर, या सुईला तारा मी लावू का?" सरांनी चष्म्यावरून बघितलं. "लाव की. पण सुया येऊ देत आधी." ते हसून म्हणाले. मला ते हसणं तेव्हा कळलं नाही. मी नळी लावली. आडव्या नळीत पहिली काळी रेघ दिसली त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले. पूजेच्या आदल्या दिवशी मी सरांना सांगितलं, सर, काहीही करा पण ही हलवू नका. सर म्हणाले, "हो गं, ती तिथंच राहील."

आता परत जिन्यात.

आरती संपली. केतकी प्रसाद घेऊन बाहेर आली. मी उठून हात पुढं केला. तिनं पेढा वरून सोडला. बोटाला बोट लागू नये इतक्या वरून. पेढा माझ्या तळहातावर पडून फुटला. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, दुष्टपणा नव्हता, काही नव्हतं. तिला कळलंही नसेल. तिच्या आजीपासून तिच्या हाताला ते वळण होतं.

मी आत गेले. पाटावर लाल कापड. त्यावर मल्टीमीटर, वजनकाटा, एक पकड, आणि मधोमध माझी नळी. दोन्ही बाजूंना हळदीकुंकवाची बोटं उमटलेली. वर झेंडूचं फूल. आत सगळं काळंभोर ढवळलेलं आणि तळाला गाळ.

मी पाटापाशी गेले. सर संचालकांच्या बायकोला खाली सोडायला गेले होते. सोपानभाऊ माझ्याजवळ आले आणि कपड्यानं टेबल पुसायचं निमित्त करून हळूच म्हणाले, "सरांनीच उचाललं. त्या बाईंना म्हनले, ह्ये आमचं यंदाचं मेन काम, ह्याची बी पूजा करा. म्या म्हनलं सायेब, ते हालवू नगा म्हनत्यात. तर म्हनले, देवाला दाखवाया काय हुतंय."

मग इकडंतिकडं बघून म्हणाले, "माजं नाव घिऊ नगंस, पोरी. माजी लेकरंबाळं हायेत."

देवाला दाखवायला काय होतंय. इलेक्ट्रॉन कसा सरकतो त्यावर देशोदेशी व्याख्यानं देणारा माणूस. त्यानं कुंकवाच्या बोटांनी नळी उचलली, वाकडी केली, ओवाळली, पाटावर ठेवली.

मला वाटलं, सर येतील, ओशाळतील, चुकलं म्हणतील. माणसाकडून चूक होते. माझ्याकडूनही झाली असती. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची बैठक होती. सरांनी चहा घेतला, कप ठेवला आणि सगळ्यांकडं बघत म्हणाले, "काही हातांना क्रिस्टल येत नाहीत. याला शास्त्र नाही, पण अनुभव आहे. हाताला गुण लागतो." कुणीतरी मान हलवली. मग सगळ्यांनी हलवली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच. मी मान खाली घालून माझ्या हातांकडं बघत बसले. बोटांवर तपकिरी डाग, मनगटावर भाजल्याची खूण. त्या दिवशी मला माझ्याच हातांची शिसारी आली. हे मी लपवत नाही. त्यांनी मला चपलांपाशी बसवलं त्याहून मोठा गुन्हा हा, की क्षणभर मला त्यांचं पटलं.

काही आठवड्यांनी खंडाळ्याला केंद्राच्या बंगल्यात आढावा होता. पैसा देणाऱ्या संस्थेचे तज्ज्ञ येणार होते आणि त्यांना नव्या सुयांचं आधीच कळवून झालं होतं. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार स्वतः उठून लावलं.

"ते विचारतील क्रिस्टल कुठंत. तू उभी राहून सांगायचं, माझ्या हातून धक्का लागला, मी दिलगीर आहे. एवढंच. नवीन आहेस, समजून घेतील."

"सर, पण धक्का माझ्या हातून..."

"पूजेचं वगैरे तिथं नको. बाहेरचे लोक असतात. आपलीच लाज जाते." ते खिडकीकडं गेले. बाहेर नुसतं पांढरं होतं. "तुझं पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन या महिन्यात व्हायचंय ना? माझ्या शिफारशीवर आहे ते. मी नाही म्हणणार नाही. पण तू मला नाही म्हणायला लावू नकोस."

मी "हो सर" म्हणाले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर आपणच हो सर म्हणायचं.

घरी आईला सांगितलं. वडील मी दहावीत असताना गेले, घरात आम्ही दोघीच. आई कापणीवरून आली होती, पायाला चिखल तसाच.

"मारलं का तुला?"

"नाही."

"शिवी दिली?"

"नाही."

"मग?"

आईनं कोपराला लागलेलं भाताचं पातं उपटून टाकलं. "आमी खळ्यावर हुभं राह्याचो. वाढलं तर पदरात घ्यायाचं, न्हाय वाढलं तर घरी. कुनाला इचारलं न्हाई का म्हून. तुला दोनच वाक्यं बोलायची हायेत. बोल आन् मोकळी हो. डिगरी हातात आली का मग बोल काय बोलायचं ते."

तिचं चुकत नव्हतं. तिनं आयुष्यभर असंच मोकळं होत होत मला इथवर आणलं होतं. मी ती दोन वाक्यं पाठ करायला घेतली. गाडीत, खिडकीशी बसून, ओठांतल्या ओठांत. माझ्या हातून धक्का लागला. मी दिलगीर आहे. दुसरं वाक्य यायचं. पहिलं यायचं नाही. 'माझ्या हातून' इथं जीभ अडायची. कारण ते शब्द फक्त त्या दिवसापुरते राहणार नव्हते. उद्या कुठंही काही फुटलं, सांडलं, बिघडलं की लोक म्हणणार होते, तिच्या हातून. माझ्या मागून आमच्या वस्तीतली दुसरी कुणी पोर आली असती तर तिच्याही हाताकडं बघून म्हणणार होते. मी डिग्री घेऊन बाहेर पडले असते आणि हात तिथंच ठेवून आले असते.

खंडाळ्याला केंद्राच्या गाडीतून गेलो. सर पुढं, केतकी आणि इतर मधे, मी मागं खोक्यांबरोबर. बंगला अगदी घाटाच्या कडेला. मागच्या व्हरांड्याच्या कठड्यापलीकडं काहीच नव्हतं, नुसतं धुकं, आणि खालून कुठून तरी गाडीच्या ब्रेकचा करकर आवाज. दिवाणखान्यात खुर्च्या मांडल्या होत्या. मुंबईहून आलेल्या एक वयस्क शास्त्रज्ञ बाई तज्ज्ञांच्या मधोमध बसल्या होत्या. त्यांना बघून मला उगाच बरं वाटलं. बाई आहे, वाटलं, मराठी बोलते, कळेल तिला.

सर बोलायला उभे राहिले. फळ्यावर त्यांनी दोन उभ्या रांगा काढल्या. देणाऱ्यांची एक, घेणाऱ्यांची एक. "बघा," ते म्हणाले, "वीज केव्हा वाहते? प्रत्येक जण आपापल्या रांगेत असतो तेव्हा. एकाआड एक मिसळले की वहन खलास. निसर्गानं हे आधीच सांगून ठेवलंय. आपल्या पूर्वजांना कळत होतं, आपणच ऐकत नाही."

दिवाणखान्यात हशा पिकला. केतकी हसली. पाहुण्या बाईही हसल्या. हसता हसता दोघातिघांची नजर माझ्यावर येऊन गेली.

त्यांनी सांगितलं ते खोटं नव्हतं. वेगवेगळ्या रांगांतून वीज धावते, मिसळलेल्या रांगेतून सहसा धावत नाही. पण हे अर्धंच होतं. एकटी रांग मेलेली असते. या रांगेतून त्या रांगेत इलेक्ट्रॉन गेल्याशिवाय दोन्हीकडं काहीच हलत नाही. हे मला शिकवलं कुणी? त्यांनीच. त्याच आवाजात, तसाच फळा वापरून. उरलेलं अर्धं ते विसरले नव्हते. त्यांनी ते गिळलं होतं. आणि रेणूला काय ठाऊक कुणाची आळी कुठली? रेणूला साक्षीला उभं करून मला माझ्या जागी बसवत होते. त्या क्षणी माझी भीती गेली असं मी म्हणणार नाही. भीती होती तशीच राहिली. पण हो सर म्हणणारी जी कोणी माझ्या आत होती, ती गेली.

बाईंनी विचारलं, "आणि नव्या क्रिस्टल्सचं काय झालं?"

सरांनी माझ्याकडं हात केला. "आमची विद्यार्थिनी सांगेल."

मी उभी राहिले. खुर्चीची पाठ धरली.

"क्रिस्टल येत होते. सरांनी नळी पूजेसाठी उचलली. त्यात ते गेले. तेव्हा मी बाहेर चपला राखत होते, सरांनी सांगितलं म्हणून. माझ्या हातून काहीही झालेलं नाही."

चहाचा कप बशीवर टेकल्याचा आवाज आला.

मी आणखी एक वाक्य बोलले. "आणि सर, एकट्या रांगेतून वीज जात नाही. तुम्हीच शिकवलंत."

मी बाईंकडं बघितलं. मला वाटलं, आता त्या काहीतरी विचारतील. चपला का, असं तरी. त्यांनी समोरचे कागद सारखे केले. "हा तुमचा अंतर्गत प्रश्न दिसतोय," त्या म्हणाल्या. "पुढचं सादरीकरण घेऊ या."

बस. एवढंच. खाली बसल्यावर माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या थोड्या सरकल्या.

जेवताना केतकी ताट घेऊन माझ्यामागं येऊन उभी राहिली. "काय केलंस हे? हात दाखवून अवलक्षण. सर किती चांगलं बघत होते तुझं." मी तिला विचारलं, "तू तिथं होतीस. नळी कुणी उचलली?" ती भाजी वाढून घ्यायला निघून गेली.

मग सरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. कठड्याशी उभं राहून ते खाली बघत होते. चेहऱ्यावर राग नाही. नेहमीसारखाच मऊ आवाज.

"ये, बघ किती खोल आहे. धुक्यात कळत नाही. इथून खाली गेलेलं काही परत वर येत नाही."

मी कठड्यापासून दोन हात लांब थांबले.

"मी तुझ्या भल्याचंच बोलतोय. सोमवारपासून येऊ नकोस. आपणहून सोड. घरची अडचण आहे म्हण. मी कुणाला वाईट सांगणार नाही, उलट दुसरीकडं चांगला शब्द टाकीन. बोभाटा कशाला? तुझंच नाव खराब होईल. मुलगी आहेस."

परत येताना मला गाडीत जागा नव्हती. मी लोणावळ्यापर्यंत चालत आले.

बातमी माझ्या आधी गावात पोचली होती. घरी आले तेव्हा आई अंगणात बसून होती, विळा पायाशी. भर कापणीत ती दिवसाउजेडी घरी बसलेली मी कधी बघितली नव्हती.

"सोपानच्या भावानं सांगितलं, आतापून येऊ नगंस. पोरगी लय बोलाया लागली म्हनला तुमची."

मी तिच्याजवळ बसले. तिनं माझा हात धरला नाही. "माफी माग," ती म्हणाली. "सरांची माग, आन् हितं मी मागते. पिकाचे दिस हायेत. बाकीच्या बायांनाबी नगं म्हनले तर त्यांनी काय करायचं?"

तिच्या आवाजात मला कधीच न ऐकलेलं भय होतं. खंडाळ्यात मी एका माणसाला नाही म्हटलं होतं आणि वडिवळ्यात दुसऱ्यांच्या चुली थंडावणार होत्या. ते लोक एकमेकांना ओळखतसुद्धा नसतील, पण काम एकच करत होते. मी आईला म्हटलं, "माफी मी मागणार नाही. आणि तूही मागायची नाहीस." मी आईशी त्याआधी असं कधी बोलले नव्हते. ती उठून आत गेली. त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही, आणि नंतरही फार बोललेली नाही.

सोमवारी मी गेले. दाराशी सोपानभाऊ. माझ्याकडं न बघता म्हणाले, "आत सोडू नगंस म्हनून सांगितलंय, मॅडम." आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी मॅडम. मी म्हटलं, "ठीक. मी इथं उभी आहे." मंगळवारी गेले. पुढंही गेले. संचालकांनी खाली बोलावलं, खुर्ची दिली, पाणी मागवलं, म्हणाले, "तुझं इथं जुळत नाहीये, एवढंच. यात कारण कशाला शोधायचं?" मी म्हटलं, "तुम्ही शोधू नका. फक्त जे आहे ते सांगा. सगळ्यांना बोलवा आणि त्यांच्यासमोर सांगा, हिला का काढतोय." ते हसले. मग हसायचे थांबले.

काल सर स्वतः दाराशी आले. मऊ आवाज पहिल्यांदा चिरकला. "तुला हवंय तरी काय? कशाला हा तमाशा?"

त्यांना वाटलं होतं मी गुपचूप जाईन. आमच्यातली आजवर जी कुणी गेली ती अशीच गेली असणार. घरची अडचण, तब्येत, लग्न. कुणाला कुणी काढलंच नाही, सगळी आपापल्या पायांनी गेली, आणि यांचे हात स्वच्छ. या वेळी तसं होणार नाही. प्रयोगशाळेतल्या फ्रिजमधल्या बाटलीत माझ्या हातचा पदार्थ आहे, माझं काम आत आहे, आणि मी परीक्षा देऊन आत आलेली आहे. उद्या मी परत जाणार आहे. परवाही. त्यांना मला काढायचंच असेल तर त्यांना तोंड उघडावं लागेल. माझं नाव घेऊन, कारण सांगून, चारचौघांत, मोठ्या आवाजात. ते कारण त्यांच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत मी त्या दारातून हलणार नाही.